जास्तीची दोन बोटं

पट्टी सुटली तेव्हा खोलीत सगळ्यांत आधी हसले ते अण्णा.

डॉक्टर तस्नीम इनामदार शेवटचा पदर सोडवून बाजूला झाल्या होत्या. केतकीचा नवरा सुयोग पलंगापाशी उभा होता. केतकी डोळे मिटून बसली होती. अण्णांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला, वाकून लेकीच्या नव्या डाव्या हाताची बोटं एकेक करून मोजली आणि मग त्यांचे खांदे गदगदायला लागले. अण्णा जन्मापासून बहिरे. हसताना त्यांचा आवाज फारसा यायचा नाही, खांदेच हसायचे.

केतकीनं डोळे उघडले. मनगटापुढे गुलाबी, ओलसर, तान्ह्या बाळासारखा तळवा होता आणि त्यातून सात बोटं निघाली होती.

"दोन वर घातली," अण्णा खुणेनं म्हणाले. "भाजीवाल्यानं कोथिंबिरीची काडी घालावी तशी."

केतकीला रडू आलं आणि रडतारडताच हसूही.

दीड वर्षापूर्वी कोल्हापूरहून परत येताना तिची गाडी उसाच्या ट्रॉलीखाली गेली होती. जीव वाचला, डावा हात मनगटाशी गेला. दुसऱ्या कुणाचा हात गेला असता तर ते दुःख एका तऱ्हेचं झालं असतं. केतकीचे हात म्हणजे तिची भाषा होती. आई लहानपणीच गेली. ती वाढली ती अण्णांच्या खुणांमध्ये. बोलायला शिकायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली आणि पुढे तोच व्यवसाय झाला. बहिऱ्या माणसांचं म्हणणं ती पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, न्यायालयात इतरांना समजावून सांगायची.

आणि ही भाषा दोन हातांची. एखादं नाव अक्षरं जुळवून सांगायचं तर डाव्या हाताच्या पाच बोटांची टोकं म्हणजे इंग्रजीतले पाच स्वर. अंगठा म्हणजे ए, तर्जनी म्हणजे ई, आणि असं करंगळीपर्यंत. उजव्या हाताचं बोट त्या टोकाला टेकवायचं. डावा हात गेल्यावर केतकीच्या भाषेतले स्वरच गेले.

त्या दिवसांत सुयोगनं एक गोष्ट केली होती. तो दूध संघात शीतकरणाच्या यंत्रांवर इंजिनिअर. लग्नाला पाच वर्षं होऊनही त्याला खुणा जेमतेम यायच्या. पण केतकी अण्णांशी बोलताना अडली की तो तिच्या डाव्या बाजूला येऊन बसायचा आणि आपला डावा हात तिच्यापुढे धरायचा. केतकी त्याच्या बोटांवर स्वर टेकवायची. दोघं मिळून एक वाक्य पुरं करायचे. अण्णा समोर बसून ते वाचायचे आणि चुकलं की कपाळाला हात लावायचे.

मग पुण्याच्या एका संशोधन केंद्रातून डॉक्टर तस्नीम यांचा फोन आला होता.

हाताची कहाणी त्यांनी पट्टी सुटली त्याच दिवशी पुन्हा एकदा, नीट सांगितली. कारण सुयोगनं सरळच विचारलं होतं, "डॉक्टर, हे चुकलं कुठे?"

"चुकलं असं म्हणवत नाही," त्या खुर्ची ओढून बसल्या. "सॅलमँडर तुम्हाला माहीत आहे. दिसायला पालीसारखा, पण गोत बेडकाचं. त्याचा पाय तुटला तर पुन्हा येतो. हाडं, स्नायू, कातडी, सगळ्यासकट. आम्हाला वाटायचं, ही त्याची एकट्याची कला. पण फार जुन्या उभयचरांच्या जीवाश्मांतही तुटून पुन्हा उगवलेले पाय सापडतात. म्हणजे बेडूक, पाल, कोंबडी, गाय, माणूस या सगळ्या चार पायांच्या कुळाच्या मुळाशीच ही कला असावी. आपण ती विसरलो. पण ती पुसली गेलेली नाही, कुलूपबंद आहे. आम्ही केतकीच्या मनगटात ते कुलूप उघडलं."

"पण सात?"

डॉक्टरांनी कागदावर एक कळी काढली. "पंजा असा फुटतो. कळीत रसायनांच्या लाटा उठतात. जिथे लाटेचा माथा, तिथे बोट. किती बोटं हे कुठे आकड्यात लिहिलेलं नसतं. लाट किती रुंद पसरली यावर ते ठरतं. आधीच्या रुग्णांत ती पाचावर थांबली. केतकीच्या हातात ती पुढे गेली. जास्तीच्या कळ्या आम्हाला तपासणीत दिसल्या होत्या, तुम्हाला सांगितलंही होतं. वाटलं होतं, त्या विरून जातील." त्यांनी कळीच्या कडेला आणखी दोन रेघा ओढल्या. "छत्तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीच्या पाण्यात आपले जे पूर्वज होते, त्यांच्यात कुणाला आठ बोटं होती, कुणाला सात, कुणाला सहा. गंमत म्हणजे त्यांना अजून जमिनीवर धड चालताही येत नव्हतं. बोटं आधी आली, जमीन नंतर. पुढे एका शाखेत पाच टिकली आणि मग कमीच होत गेली. गायीला दोन, घोड्याला एक, सापाला शून्य."

सुयोगनं हळूच विचारलं, "म्हणजे हा हात... माणसाचा म्हणायचा का?"

केतकीनं मान फिरवली. डॉक्टर मात्र चिडल्या नाहीत. "प्राण्यांची वर्गवारी आम्ही आता अवयव मोजून करत नाही. कोण कुणाच्या वंशातला, एवढंच बघतो. सापाला एकही पाय नाही, तरी तो चतुष्पादच. त्याला त्या कुळातून कुणी काढू शकत नाही."

केतकीनं हे जमेल तसं अण्णांना सांगितलं. अण्णांनी विचार केला आणि खूण केली, "सापाला पाय नसून पायवाल्यांत घेतात. मला कान असून कानवाल्यांत घेत नाहीत. तुमच्या डॉक्टरला सांग, पंचायतीच्या निवडणुकीला उभी राहा."

घरी आल्यावर हाताची वाढ भराभर झाली. कातडी गव्हाळ झाली, नखं आली, पकड आली. केतकी कपबशी उचलू लागली, वेणी घालू लागली. पण बोलणं जमेना. सातही बोटं सारख्याच जातीची होती. कडेची दोन आखूड, मधली लांब. अंगठा असा कुठलाच नव्हता. ती स्वर टेकवायला गेली की उजवं बोट भलत्याच टोकावर पडायचं. अण्णा हसून म्हणायचे, "बोबडं बोलतेस." ते न कंटाळता समोर बसायचे आणि तीच तीच नावं पुन्हा विचारायचे.

सुयोग आता डाव्या बाजूला बसत नसे. त्याची गरजच उरली नव्हती. बाहेर जाताना केतकी हातावर सैल मोजा चढवायची. सासूबाई एकदा पाहायला आल्या, हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सहा असती तर भाग्याची म्हणाले असते गं. सातांचं मला काही ठाऊक नाही." बोलण्यात वाकडेपणा नव्हता. पण त्या रात्री केतकी जेवली नाही.

अशात हौसाबाईंचा खटला उभा राहिला.

हौसाबाई राधानगरीकडच्या एका वाडीतल्या. साठी उलटलेली, बहिरी, शाळेचं तोंड न पाहिलेली. त्यांच्या खुणा त्यांच्या त्यांनीच रचलेल्या. म्हैस म्हणजे कपाळावरून मागे वळलेली दोन मनगटं, पाऊस म्हणजे मानेवरून ओघळणारी बोटं. त्यांची विधवा सून रंजना हिला जमिनीच्या भांडणात विहिरीत ढकललं गेलं होतं. रंजना वाचली, पण डोक्याला मार लागून तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. पाहिलं होतं ते एकट्या हौसाबाईंनी आणि आरोपी होता त्यांचा सख्खा पुतण्या. स्वतःच्या अपघाताच्या आधी केतकीनंच वाडीत राहून त्यांच्या खुणा शिकून घेतल्या होत्या आणि पोलिसांना जबाब लिहून दिला होता. दुसऱ्या कुणाला त्यांची भाषा येत नव्हती.

न्यायालयात केतकी मोजा घालूनच गेली. शपथ झाल्यावर काढला. साक्ष सुरू झाली. आरोपीच्या वकिलांनी उठून विचारलं, "विहिरीवर त्या वेळी सहा माणसं होती असं तुम्ही जबाबात म्हणालात. खरं का?"

केतकीनं नेहमीसारखी खूण केली. डावा पंजा उघडा, शेजारी उजव्या हाताचं एक बोट. पाच आणि एक, सहा.

हौसाबाई त्या डाव्या पंजाकडे बघतच राहिल्या. त्यांचे ओठ हलले. त्या मोजत होत्या. मग त्यांनी जोरानं मान हलवली. नाही. आठ नव्हती.

"साक्षीदार आपलाच जबाब नाकारतेय," वकील म्हणाले.

काय झालं ते कळायला केतकीला एक क्षण लागला. त्या माझी बोटं मोजतायत, असं तिनं घाईनं सांगितलं, पुन्हा विचारते म्हणाली. पण वकिलांनी तोवर तिच्या हाताकडे बोट दाखवलं होतं. "न्यायाधीश महोदया, आजवर यांच्यामार्फत आलेलं सगळंच तपासायला हवं. या हातानं काय सांगितलं जातंय, कुणाला ठाऊक?" हौसाबाई भेदरून एकदा केतकीकडे, एकदा पुतण्याकडे बघत होत्या.

न्यायाधीश गवाणकर बाईंनी साक्ष थांबवली. आवाजात कठोरपणा नव्हता. "पुढची तारीख देते. तोवर तुम्ही काहीतरी मार्ग काढून या. तुमच्याशिवाय या बाईंचं ऐकणारं कुणी नाही, याची मला कल्पना आहे."

केतकी दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली. सुयोग सोबत होता.

"दोन काढता येतील," डॉक्टर तस्नीम म्हणाल्या. "फक्त एक सांगा. कुठली दोन?"

पडद्यावर केतकीचा मेंदू उजळला होता. नव्या हाताच्या जागी सात ठिपके होते, एकमेकांना खेटून, पण वेगवेगळे. "पाहा, यातलं एकही उपरं नाही. पाच खरी आणि दोन खोटी असं शरीर म्हणत नाही. काढल्यावर उरलेल्यांपैकी एक-दोन आखडतील, हे मी लपवणार नाही. शिवाय कुलूप अजून उघडं आहे. कापलेली पुन्हा येणारच नाहीत, हेही आज सांगता येत नाही."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर केतकीनं विचारलं, "तुला काय वाटतं?"

"काढावीत," सुयोग म्हणाला.

"लोकांसाठी?"

तो कठड्याला टेकला. "नाही गं. तुझा हात हातात घेतला की माझी बोटं कुठे घालायची तेच मला कळत नाही. आधी निदान तू माझा हात वापरायचीस. आता... मी कुठे बसतो, केतकी?"

तिला वाटलं होतं त्याला लाज वाटते. मनातल्या मनात ती महिनाभर त्याच्याशी त्याच एका गोष्टीवरून भांडत होती. ती त्याच्या शेजारी येऊन कठड्याला टेकली.

घरी आल्यावर तिनं आपलाच एक उपाय काढला. कडेची दोन आखूड बोटं तळव्याशी दुमडली आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या चिकटपट्टीनं घट्ट बांधून टाकली. उरली पाच. आरशासमोर तिनं पंजा उघडला. पाच! ती तशीच अण्णांच्या खोलीत गेली आणि समोर हात धरला.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, तिचा हात ओढून घेतला आणि नखांनी पट्टी खरवडायला लागले. तिला दुखलं, ती ओरडली. ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं आणि ते तिच्या तोंडाकडे बघतही नव्हते. पट्टी निघाल्यावरच ते थांबले. मग खाटेवर बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी तिला शाळेतली गोष्ट सांगितली.

"आमच्या शाळेत हातांनी बोलायची बंदी होती. ओठांनी बोला, म्हणजे माणसात याल, म्हणायचे. जो खुणा करेल त्याचे हात बाकाच्या मागे रुमालानं बांधायचे. माझे बांधले होते. लघवी लागलेली सांगायला मला हात नव्हते." त्यांनी दोन्ही मनगटं पाठीमागे नेऊन दाखवली आणि पुन्हा पुढे आणली. "ते गुरुजी वाईट नव्हते. माझ्या भल्यासाठीच करत होते. तूही कुणाच्या तरी भल्यासाठीच करते आहेस."

"पण हौसाबाईंचं काय, अण्णा? त्यांना समजलं पाहिजे ना?"

"समजलं पाहिजे. मग तिला दाखव की. मोज्यात घालून नेलास आणि एकदम समोर उघडलास. मी असतो तर मीही दचकलो असतो."

एवढं साधं होतं. केतकी त्यांच्या शेजारी बसली आणि पट्टी खरवडून दुखावलेल्या त्यांच्या नखांवरून बोटं फिरवत राहिली.

पुढच्या तारखेला तिनं न्यायाधीशांना एक विनंती केली. साक्ष सुरू करण्याआधी, सगळ्यांच्या देखत, साक्षीदाराला आपला हात पाहू द्यावा. आणि आकडे विचारायचे तेव्हा आपल्याला साक्षीदाराच्या जवळ उभं राहू द्यावं. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली. गवाणकर बाई म्हणाल्या, "तुमच्याही देखतच होईल. बघू या."

केतकी मोजा न घालता पुढे गेली आणि हात पुढे केला. हौसाबाईंनी तो आधी नुसता पाहिला. मग आपल्या दोन्ही खरखरीत हातांत धरला, उलटा केला, सुलटा केला. एकेक बोट धरून ओढून पाहिलं, बाजारात वासराचे पाय तपासावेत तसं. मग ट्रॉली आणि तुटलेलं मनगट केतकीनं खुणेनं सांगितलं, आणि पुन्हा उगवणारा हात रोपासारखा वर काढून दाखवला. हौसाबाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी दोन्ही हातांची बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. सगळं न्यायालय बघत होतं आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मग न्यायाधीशांनी टेबलावर पेनं मांडायला लावली. केतकीनं आपली बोटं दाखवलीच नाहीत. तिनं हौसाबाईंचीच बोटं एकेक करून धरली आणि पेनांकडे खूण केली, इतकी आहेत? हौसाबाईंनी होकार दिला. न्यायाधीशांनी दोन पेनं काढून घेतली. केतकीनं तेवढीच बोटं पुन्हा धरली. हौसाबाई नाही म्हणाल्या आणि आपली दोन बोटं स्वतःच दुमडली. असं बऱ्याचदा झालं. एकदाही चूक झाली नाही. शेवटी वकीलच म्हणाले, "पुरे, न्यायाधीश महोदया."

"विहिरीवर किती माणसं होती?"

हौसाबाईंनी एका हाताची पाच बोटं उघडली, दुसऱ्याचं एक. मग न विचारताच ते एक बोट त्यांनी हळूहळू उचललं आणि पुतण्याकडे धरलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण बोट हललं नाही. तो लहान होता तेव्हा त्या त्याला कडेवर घेऊन हिंडल्या होत्या, हे केतकीला वाडीत कळलं होतं. ते तिनं न्यायालयाला सांगितलं नाही. ते कुणी विचारलं नव्हतं.

साक्ष पूर्ण नोंदली गेली. बाहेर कडुनिंबाखाली रंजना बसली होती. हौसाबाई तिच्यापाशी गेल्या, तिच्या डोक्यावरचा जुना व्रण चाचपला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून भर दुपारी तिथेच झोपी गेल्या.

सुयोग गाडीपाशी उभा होता. त्यानं आत मागच्या बाकावर बसून सगळं पाहिलं होतं. केतकी म्हणाली, "मी बोटं काढणार नाहीये."

"मला वाटलंच." थोडं थांबून तो म्हणाला, "अण्णांकडे रोज संध्याकाळी तासभर बसायचं म्हणतोय. नीट शिकायचं. त्यांच्याशी बोलायला मला तुझी मध्यस्थी लागते, हे काही बरं नाही."

तो खरोखरच बसू लागला. पहिल्याच आठवड्यात त्यानं अण्णांना 'तुमचं दूध नासलंय' याऐवजी 'तुमची म्हैस वारली' असं सांगितलं आणि अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं दुखवटा पाळला. केतकीच्या हातात हात घालायची त्याची पद्धत अजून ठरली नव्हती. रोज काहीतरी वेगळी व्हायची आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी तक्रार करत नव्हतं.

काही महिन्यांनी डॉक्टर तस्नीम यांचा फोन आला. आणखी एका रुग्णाला जास्तीचं बोट आलं होतं. उजव्या हाताला सहा. बार्शीजवळ रस्त्याकडेला बायकोसोबत झुणका-भाकरीची गाडी चालवणारे मल्हारी आदलिंगे. पट्टी सुटल्यापासून ते कुणाशी बोलत नव्हते. "तुम्ही याल का?"

केतकी गेली. मल्हारी भिंतीकडे तोंड करून पडले होते, हात चादरीखाली. बायको दाराबाहेर स्टुलावर बसली होती. केतकीनं आपला हात उशाशी ठेवला. त्यांनी तो बघितला, मोजला, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

"या हातानं काय करायचात तुम्ही?" केतकीनं विचारलं.

उत्तर भिंतीकडे तोंड करूनच आलं. "भाकरी थापायचो. झुणका हिचा, भाकरी माझी."

"मग आता थापता येईल का?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही," केतकी म्हणाली. "माझ्या सात बोटांना भाकरी काही जमत नाही. पाचांनाही जमत नव्हती म्हणा. पीठ मागवू या?"

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ होतं. आचाऱ्यानं कुरकुरत एक शेगडी मोकळी करून दिली. मल्हारींनी परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि हात घातला. ते सहावं बोट आधी पिठाबाहेर उभंच राहिलं, मग तेही आत गेलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"पाणी जास्त झालंय," ती म्हणाली.

"कळतंय मला."

पहिली भाकरी उचलताना कडेला फाटली. मल्हारींनी ती गोळा करून पुन्हा मळली. दुसरी थापताना त्यांनी हात थोडा तिरपा धरला, आणि परातीत भाकरी फिरायला लागली. ती तव्यावर पडली, तिच्यावर पाणी फिरलं, ती उलटली, आणि आचेवर धरल्यावर टम्म फुगली.

बायकोनं ती हातात घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी केतकीला दिली.